आठ नंबर

खात्याचे गमबूट आले ते आठ नंबरचे.
माझा पाय पाच.
मागणीपत्रात बाईचा रकानाच नव्हता.

सिंदेवाहीच्या बाजारात, सुकटीच्या दुकानाशेजारी
पोरांचे मिळाले. पिवळे, बदकं छापलेले.
अस्वलाला बदकाचं काय, म्हटलं, आणि घेतले.

रेनकोटही तिथलाच. दोन पावलं चालले
तर कुरमुऱ्याच्या पुड्यासारखा वाजला.
झितरू कोवे बिडी विझवत म्हणाले,
"तिले दिसत नाही बराबर. आयकू येते मात्र.
अन् नवा रबर त ती नाल्यापलीकडूनच हुंगन."

कोट परत केला. आईची घोंगडी घेतली,
भिजली की दुप्पट जड,
पण तोंड न उघडणारी.
बूट दोन रात्री शेणखतात पुरले.

तरी परवा नाला ओलांडताना
पाणी वरून शिरलं आणि आतच राहिलं.
पावलागणिक एक बेडूक बोलत होता.
झितरू पुढे, अनवाणी. न वळता म्हणाले,
"पानी त येनच बाई. जायाले वाट ठेव."

मोच्यानं तीनदा विचारलं, नक्की ना?
मग कोऱ्या गमबुटांना आरीनं भोकं पाडली,
बदकांच्या डोळ्यांतूनच,
आणि पैसे घ्यायला लाजला.

आज पहाटे पिंजऱ्याकडे निघालो.
वारुळाजवळच्या चिखलात तिचा पाय:
पाच बोटं, पुढे लांब नखं,
माझ्या बुटाहून रुंद.
झितरूंनी हात वर केला.
ठशात साचलेलं पाणी
अजून गढूळ होतं.