तिसरं रीळ

पणजीत महोत्सव चालू आहे.
गळ्यात ओळखपत्रं अडकवून माणसं
मांडवीच्या काठाला रांगेत उभी,
आणि रांगेत एकच प्रश्न फिरतो:
तुमचा आवडता कुठला,
जो कुणीच पाहिलेला नाही?

मी म्हणतो, पोस्टमनचा.
कुठला पोस्टमनचा?
इथे माझी पंचाईत होते.

नाव आठवत नाही. नट माहीत नाही.
मी नऊ वर्षांचा, कुडचड्याचं थिएटर,
पडद्याला उजवीकडे ठिगळ,
आणि खाणीच्या ट्रकांची लाल धूळ
झोतात शिरून पांढरी व्हायची.
पोस्टमन एका घराशी येतो,
चप्पल काढतो, वाकून आत जातो.
आत काळोख.
काळोख फाकतो तेव्हा तो दीपगृहाचा जिना चढत असतो,
चेहरा दुसरा, मिशी दुसरी,
पत्रांच्या जागी हातात फडकं.
वर जाऊन दिव्याची काच पुसतो.
खूप वेळ पुसतो.
मग पुन्हा तेच घर, तोच पहिला पोस्टमन
बाहेर येऊन चप्पल घालतो
आणि ओट्यावरची बाई विचारते,
एवढा वेळ?

बस्स. कुणी काही समजावत नाही.
मी बापाचा हात धरून घरी आलो
आणि रात्रभर जागा राहिलो.

चाळीस वर्षं मी ह्या सिनेमाच्या मागे आहे.
पत्रं लिहिली. उत्तर आलं:
अशा वर्णनाचा चित्रपट आमच्या नोंदीत नाही.
बायको म्हणते, तापात पाहिला असशील.

यंदा रांग सोडली आणि कुडचड्याची बस धरली.
थिएटरच्या जागी टाइल्सचं दुकान.
मालकानं पुलापलीकडे बोट दाखवलं,
ऑपरेटर कायतान फुर्तादो अजून आहे म्हणाला, ऐकू कमी येतं.

दारातच आंबट वास.
एस्पेरांसा बाई आधीच वैतागलेल्या:
दोन वर्षं मी माझ्या विनाग्राच्या बरण्या हुंगते,
झाकणं बदलते, फडताळ धुते,
आणि शेवटी कळलं, वास ह्याच्या खाटेखालून येतो.
फिल्म कुजली की तसाच वास मारते म्हणे.

कायताननं माझी गोष्ट दोनदा ऐकली,
दुसऱ्यांदा कानामागे हात धरून.
मग म्हणाला, तू त्या शोला होतास?

तिसरं रीळ केप्याहून बसनं यायचं.
कंडक्टर झोपला, डबा काणकोणला गेला.
मध्यंतर संपत आलेलं, आत अकरा माणसं,
सव्वा रुपया प्रमाणे पैसे परत द्यायचे
तर मालकानं मलाच विकला असता.
कपाटात दुसऱ्या कुठल्या तरी सिनेमाचं एक रीळ पडून होतं,
वितरक बुडाला, न्यायला कुणी आलंच नाही.
लावलं.
खुर्च्या मोडतील म्हणून मी दाराला कडी घातली.
कोण काय बोललं नाय रे.

तोच एक शो.

त्यानं खाटेखालून डबा ओढला.
फिल्म पापडासारखी वाकलेली.
वीतभर तुकडा खिडकीत धरला:
काच पुसणारा माणूस,
खाली काच पुसणारा माणूस,
त्याच्याखाली काच पुसणारा माणूस,
शेवटच्या चौकटीत नुसते डाग.

आणि खरं तिसरं रीळ? मी मोठ्यानं विचारलं.
आलं ना दुसऱ्या दिवशी. लोकांनी शिव्या घातल्या,
चौघे उठून गेले.
काय होतं त्यात?

कायतान आठवत राहिला.
काय नाय. आत बसून जेवतो.
शीत आणि हुमण. कुणी वाढत नाही, आपणच घेतो.
मग ताट धुतो.
बरं जेवायचा तो.

परतीच्या बसमध्ये मांडीवर विनाग्राची बाटली,
शेजारचा माणूस नाक दाबून बसलेला.
सावर्डे गेलं, फोंडा गेला.
म्हणजे आता तेही
बघायचं राहिलं.