जवळचा ट्रॅक

फॉर्मवर एक रकाना होता: जवळचा ट्रॅक.
मी लिहिलं, सेमिनरी हिल्स.
मग खोडलं. तो उतार आहे, ट्रॅक नव्हे,
आणि साडेपाचनंतर तो दूधवाल्यांचा असतो.

पुढचा रकाना: बर्फावरचा अनुभव.
सुयोग ठवकर खांद्यावरून वाकून म्हणाला,
लिही नं, कालाखट्टा, पंधरा वर्षं.

आईला तुमसरला फोन केला. स्केलेटन, म्हटलं.
सांगाडा? तू तर मेकॅनिकलला होतीस.
खेळ आहे, आई. पोटावर झोपायचं, डोकं पुढे,
हनुवटी बर्फापासून चार बोटं, आणि खाली जायचं.
कुठवर?
उतार असेल तिथवर.
ती बराच वेळ बोलली नाही.
मग विचारलं, जेवलीस का?

सांगाडा आम्ही हिंगण्याला केला,
जुम्मनभाईंच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये.
वर्गातल्या मोडक्या बाकांचे पाइप,
कुणाच्या तरी भावाच्या स्केट्सची आठ चाकं.
ते म्हणाले, ब्रेक कुठे लावू?
ब्रेक नसतो.
त्यांनी काळा चष्मा कपाळावर चढवला,
माझ्याकडे नीट पाहिलं
आणि पैसे कमी घेतले.

एप्रिलात पहाटे साडेचारलाही डांबर कोमट असतं.
रात्रभरात निवत नाही या गावाची पाठ.
वाकून धावायचं, एक हात सांगाड्यावर,
दहा पावलं, पंधरा,
मग स्वतःला सोडून द्यायचं.
ते सोडणंच येत नाही.
पाय रस्ता शोधतात, मान वर येते,
अंगाला वाटतं आपल्यालाच काहीतरी करायचंय.
पहिला महिना मी नुसतीच धावले.
दुसऱ्या महिन्यात हनुवटीला तीन टाके, मेयोत.
गाडी कोणती होती, डॉक्टरांनी विचारलं.
मी म्हटलं, बाकाची.
कुत्रीसुद्धा आधी मागे लागायची,
नंतर त्यांनी नाद सोडला.

पण बर्फ?
मस्कासाथच्या मागे एक बर्फाचा कारखाना आहे.
मे महिना, दुपारचे दोन, बाहेर शेहेचाळीस.
बावणेकाका लाद्या मोजत होते.
एकीवर झोपू द्या, मी म्हटलं, पाचच मिनिटं.
अवं पोट्टे, झोपाचंच हाये त घरी झोप नं!
तरी त्यांनी भुसा झटकला,
पोतं अंथरायला घेतलं.
पोतं नको, काका.

पालथी पडले.
छातीखाली दोन रात्री गोठलेलं पाणी,
त्याच्या पोटात एक पांढरी शीर,
खोल, जशी दुधी काचेत अडकलेली वाफ.
आणि तो गुळगुळीत नव्हता.
खरखरीत होता. चिकट.
त्यानं माझा गाल धरून ठेवला.
मला वाटायचं बर्फ म्हणजे सुटणं.
तो तर आधी पकडतो.
मग तुमच्याच उष्णतेनं
मधे पाण्याचा एक पापुद्रा धरतो,
आणि सरकायचं ते तेवढ्यावरच.
उष्णतेची काय कमी होती,
अंगात अख्खं नागपूर होतं.

बारा, तेरा, काका मोजत होते.
चौदावी हलली.
उतार नव्हता, फरशी जराशी खचलेली,
बोटभरच हलली,
पण मी काहीच केलं नव्हतं.
पाय गप्प होते. मान खाली होती.

ती लादी संध्याकाळी कुणाच्या तरी लग्नात
मठ्ठ्यात गेली असेल.

रकान्यात लिहिलं: एक लादी, बोटभर.
सुयोग म्हणाला, बाद करतील.
करोत. खाली वजन लिहिलं, उंची लिहिली,
पासपोर्टपुढे लिहिलं, अर्ज केला आहे.
जवळचा ट्रॅक कोराच आहे अजून.

उद्या साडेचारला पुन्हा.
सुयोग खालच्या वळणावर टॉर्च घेऊन उभा असतो,
दूधगाडी दिसली तर दोनदा उघडझाप.
नाही दिसली
तरी तो एकदा करतोच.