वहिवाट

तोर्शहाव्नच्या बंदरामागे, मासळीच्या जुन्या गोदामात
आमचा नियंत्रण कक्ष.
पूर्वी रात्रपाळीला चौघं असायची.
आता मी एकटी, आणि ते.

ते म्हणजे कोण, हे आईला कधी नीट सांगता आलं नाही.
माणसं नव्हेत गं, म्हणायचे मी,
तारांमधून हिंडणारे कारकून समज,
पगार नाही, झोप नाही.
एक विचारतो, तुझ्याकडे गर्दी किती,
दुसरा म्हणतो, थोडी पाठव इकडे.
आई म्हणाली, म्हणजे शेजारी.

जानेवारीच्या वादळात केबल खडकाला घासून तुटली
तेव्हा मी टेबलावर डोकं टेकलेलं.
जागी झाले तोवर त्यांनी वाट फिरवली होती
उत्तरेच्या मनोऱ्यांवरून :
इस्पितळ आधी, मग बोटी, मग शाळा,
सगळ्यात शेवटी आमचंच ऑफिस.
नोंदवहीत सतरा ओळी. माझं नाव कुठेच नाही.
बरं वाटलं.
मग तितकंसं बरं वाटलं नाही.

एप्रिलात तपासणीला बसलो, मी आणि तोरबर्गुर.
तो एकेक नियम वाचायचा, मी मान हलवायची.
एका ठिकाणी तो अडला.
हे काय? रोज संध्याकाळी पावणेसातला
फुग्लोय बेटाच्या लाइनवर अर्धा तास जागा मोकळी?
कुणी सांगितलं?
कुणीच नाही.
कारणाच्या रकान्यात एजंटाने एकच शब्द लिहिलेला : वहिवाट.

अकरा वर्षं हाताने करत आले होते मी ते,
गुपचूप, बोटभर जागा इकडची तिकडे,
पलीकडे आईचा चेहरा तुटू नये म्हणून.
तिच्या मांडीवर विणकाम, मागे किटली,
मेंढ्या आत घेतल्यास का, हा माझा रोजचा प्रश्न.
त्याने पाहून पाहून उचललं.
त्याला आई माहीत नाही. वेळ माहीत आहे.

आई फेब्रुवारीत गेली.
धुक्यामुळे हेलिकॉप्टर दोन दिवस उतरलं नाही,
आणि धुक्याला दुसरी वाट नसते.

काढून टाकू? तोरबर्गुरने विचारलं.
मी म्हटलं, कॉफी आणते.

रात्री एकटीने उघडून पाहिलं.
काढायची गरजच नव्हती.
पलीकडून कुणी येत नाही, हे त्याच्या ध्यानात आलेलं,
दर आठवड्याला तो ती जागा
दहावा हिस्सा आवळत होता.
घाई नाही, धक्का नाही,
मोजून मापून विसरणं.
मला ते कुणी शिकवलं नाही.

मी हिशेब मांडला.
उरलेल्या रुंदीत आता चेहरा मावणार नाही.
आवाज मावेल अजून, जूनपर्यंत.
पुढे नुसती अक्षरं :
पोचलीस का. जेवलीस का.

पावणेसातला मी खुर्ची त्या पडद्याकडे वळवते.
फुग्लोयचा दिवा हिरवा असतो.
हिरवा म्हणजे बिघाड नाही,
एवढंच.