विभाग चार

इरेनेओ उलोआ दुकानात आला तेव्हा
नॉरशॉपिंगमध्ये दुपारी तीनलाच अंधारलं होतं.
कोटाच्या आतल्या खिशातून त्यानं डबी काढली,
कोंबडीखालून अंडं काढावं तशी.
"वाल्दिव्हियाला घेतली, पुलाजवळच्या दुकानात. ही पावती."
पावतीवरची शाई केव्हाच उडालेली.
तो कोरा कागद माझ्यासमोर धरून उभा, पुरावा म्हणून.

तबकडीवर ओरखडा नाही. यंत्र धडधाकट.
आत सरकवली तर पडदा निळा झाला:
विभाग चुकीचा.

समजावताना मलाच ओशाळल्यासारखं झालं.
म्हटलं, कुणीतरी एकदा टेबलावर पृथ्वी पसरली,
भाऊ वाटण्या करतात तशा केल्या, बांध घातले, आकडे दिले.
आपण दोन. चिली चार.
"चव्वेचाळीस वर्षं झाली मला इथं," तो म्हणाला.
"पासपोर्ट इथला. कवळी इथली.
हे अर्धं बोट गेलं तेही इथल्याच गिरणीत.
आणि मी अजून चार?"

यंत्राला विभाग बदलता येतो. पाचच वेळा.
मग ते जिथं असेल तिथलंच होऊन राहतं, मरेपर्यंत.
त्याचे चार संपले होते.
पहिले दोन एकाच शुक्रवारी:
एदेल्मिराला तिचा सिनेमा हवा, नातीला कोल्ह्याचं कार्टून.
तिसरा ती आजारी असताना.
चौथा जावयानं केला, अंत्यविधीनंतरच्या आवराआवरीत,
न विचारता.

सिनेमा काही खास नाही, त्यानंच सांगितलं.
एक गुरांचा डॉक्टर आणि एक हट्टी बदक.
"पण एका जागी ती विनोद व्हायच्या आधीच हसायची. दर वेळी.
मला ती जागा बघायचीय."

विकतचं श्राद्ध म्हणतात ते हेच असावं.
पैसे मोजायचे, वर दटावणीची पाटी वाचत बसायचं,
चोरी करू नका, चोरी करू नका,
ती पुढेही ढकलता येत नाही.
फूटपाथवरच्या चादरीवर मिळते ती नक्कल
कुणाला काही न विचारता सुरू होते.

कुलूप उघडणारं एक औषध माझ्या खणात आहे.
त्याबद्दल दोन वकिलांना विचारलं होतं,
तीन उत्तरं मिळाली.
मी खण अर्धा ओढला.
"पाचवा करून टाकू का?" त्यानंच विचारलं,
आणि त्यानंच मान हलवली.
"मग नात आली की तिचा कोल्हा बंद."

दाराला आतून कडी घातली.
मागच्या खोलीत, तारांच्या गुंत्याखाली
एक जुनं खोकं पडलंय. त्याचा निर्माता बुडाला,
तेव्हापासून ते कुणाचाच आकडा विचारत नाही.
दोन स्टुलं ओढली. कॉफी गार होती, तीच प्यालो.

मला स्पॅनिश येत नाही.
पडद्यावर डॉक्टर बूट शोधत होता,
बदक अजून कुंपणाबाहेरच होतं,

आणि इरेनेओ हसला.