पीळ

दोर अजून आहेत. डबे गेले.
खाण बंद पडली त्या वर्षी डबे भंगारात निघाले,
दोर मात्र कुणी उतरवले नाहीत.
उतरवायची मजुरी लोखंडाच्या भावाहून जास्त होती.
म्हणून या कड्यापासून त्या कड्यापर्यंत,
नदीच्या काळ्या पाण्यावर
शाळेतल्या चाररेघी वहीचं कोरं पान.

मी तिबिलिसीहून आले, सत्तावीस किलो सामान घेऊन.
नाण्याएवढे मायक्रोफोन, दोराला चिकटणारे;
आणि एक यंत्र, जे ऐकता ऐकता शिकतं
कुठला आवाज वारा, कुठला पाऊस,
कुठला कावळा बसल्याचा,
आणि कुठला म्हणजे काहीच नाही.
अर्जात लिहिलं होतं: दरी स्वतःच वाजेल.
अनुदानवाल्यांना वाक्य आवडलं. मलाही.
इतकं आवडलं की तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

तीन आठवडे हेडफोन लावून बसले.
दुपारी दोर तापतो, पोटात सैल पडतो,
सूर खाली उतरतो.
पहाटे गारठ्यानं आखडतो, चढतो.
सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात;
हा तर जळालाही नव्हता, नुसता बेकार झाला होता,
आणि पीळ सबंध रात्र गुणगुणत होता.

फक्त तिसऱ्या दोरात मधूनच एक टक्.
जोराचा झोत आला की टक्.
यंत्रानं त्यापुढे लिहिलं: दोष.
मी म्हटलं, पुसून टाक.
कानाडोळा करायला त्याला मीच शिकवलं.

उद्घाटन वरच्या जुन्या स्टेशनात.
आठ स्पीकर, चाळीस खुर्च्या, एकोणीस माणसं.
औषधाच्या दुकानातला गुराम, शाळेतली पोरं,
आणि नाझिब्रोला,
जिनं खालच्या स्टेशनात एकतीस वर्षं ब्रेकचा दांडा धरला.
मांडीवर राजम्याची पिशवी. शेंगा सोलत ऐकत होती.
शहरातून आलेल्या एकानं डोळे मिटले होते.

संपल्यावर तिनं विचारलं,
"तिसरा कुठाय?"
वाजतोय की, मी म्हटलं. डावीकडून दुसरा स्पीकर.
"तो तिसरा नाही. तिसऱ्याला सांधा आहे."

मग शेंगा सोलत सोलतच:
वीज नव्हती त्या हिवाळ्यात दोराची एक लड तुटली.
बोंदोनं उघड्या हातांनी सांधली, सहा दिवस,
हातमोज्यात तारेचा पीळ कळत नाही म्हणून.
त्यानंतर डबा त्या सांध्यावरून गेला की टक्.
टक् म्हणजे नव्वद मीटर उरले.
"त्यावर मी ब्रेक ओढायचे, बाई.
धुक्यात डोळे काय चाटायचेत?
एकवीस माणसं असायची डब्यात. कधी कोंबड्यासुद्धा."

मी लॅपटॉप उघडला. हात थरथरत होता, थंडी होती हे एक कारण.
पुसलेलं परत आणलं.
वारा पडलेला. नुसती गुणगुण.
कुणीतरी खोकलं. एक पोर खुर्ची वाजवू लागलं.
आणि मग, डावीकडून:
टक्.

तिचा उजवा हात पिशवीतून वर आला
आणि हवेतलं काहीतरी
जोर लावून मागे ओढलं.
राजमा जमिनीवर सांडला.
सगळे वेचायला वाकले, मीही;
कुणी काही बोललं नाही.

यंत्राच्या यादीत "दोष" खोडलाय.
तिथे काय लिहावं, अजून सुचलेलं नाही.
गुराम म्हणतो, नव्वद लिही.

शेवटची मिनीबस गेली होती.
सहाशे पायऱ्या आम्ही उतरलो, ती पुढे, मी तिच्या चपलांच्या आवाजामागे.
निम्म्यावर थांबली. मान जराशी तिरकी.
"आत्ता," म्हणाली.

मी पण थांबले. नदी, कुठेतरी कुत्रं.
मला काहीच ऐकू आलं नाही.
मायक्रोफोन वर राहिले होते.