कडेचे पैसे

सियागंजात हातिमभाईकडे
लेन्स एका रात्रीपुरती भाड्याने मिळते.
अनामत म्हणून स्कूटरची कागदपत्रं,
आणि एक वाक्य फुकट:
“जपून, भिया, काच आहे.”

माझी स्वतःची काही वाईट नाही.
अठरा हप्ते फेडून घेतलेली, पंच्याऐंशीची, वन पॉइंट एट.
सहा वर्षं तिने पोट भरलंय माझं.
मुंजी, डोहाळजेवणं, एकदा तर पतपेढीचं उद्घाटन.
मध्यभागी नवरीची पापणी न् पापणी मोजून घ्या.

ही दुसरी हातात आली तेव्हा आधी वजन कळलं,
वरवंटा उचलावा तसं.
मग रिंग फिरवली.
थिजलेल्या तुपातून बोट जावं तशी ती गेली
आणि थांबवली तिथे थांबली,
केसभरही पुढे नाही.
मला वाटलं, एवढ्याचेच पैसे असतील.

छत्रीबागेत झंवरांकडे वरात आली रात्री दहाला.
रस्त्यापलीकडून, अपर्चर पूर्ण उघडं ठेवून,
दोन बॉडींवर दोन्ही लेन्सनी
एकच फोटो काढला मी.
गिऱ्हाईकासाठी नाही. हौस.

पहाटे अडीचला रामबागेतल्या खोलीत
दोन्ही शेजारीशेजारी लावले.
मधला नवरदेव सारखाच.
खरंच सारखा; तुऱ्याचा मोतीसुद्धा.
आठशे रुपये पाण्यात, म्हणत मी उठलोच होतो.

मग कोपऱ्यात गेलो.

माझ्या फोटोत तिथे दिव्यांना पंख फुटलेले,
पंखांना जांभळी किनार,
आणि खाली काहीतरी मातकट, ओघळलेलं.

भाड्याच्या फोटोत दिवा म्हणजे दिवा.
त्याच्याखाली एक बाई.
नवरदेवाच्याच ओळीत चाललेली,
डोक्यावर जुन्या ओढणीची चुंबळ,
कानामागून जनरेटरकडे गेलेली वायर,
वरच्या ओठावर घाम.
नाकात चमकी नव्हती, भोक बुजू नये म्हणून
झाडूची काडी होती.
सगळी वरात घोड्याकडे बघत होती
आणि ती सरळ माझ्याकडे.

सहा वर्षं.
किती वराती झाल्या असतील माझ्या?
मी आकडा काढायला बसलो आणि सोडून दिला.

सकाळी हातिमभाईने टॉर्च मारून
काचेवर ओरखडा शोधला, मिळाला नाही.
“काय, पडला फरक?”
म्हटलं, “मध्ये तर काहीच नाही.”
तो टोपण लावत म्हणाला,
“मधलं कोणीही दाखवतं, भिया.
पैसे कडेचे आहेत.”

अल्बम पुढच्या महिन्यात छापून आला.
बारा बाय अठरा, चकचकीत पानं,
महिरप झंवरांनी स्वतः निवडलेली.
डाव्या कडेला, बरोब्बर तिथेच,
एक सोनेरी मोर.
पिसं मोजता येतील इतका स्वच्छ.