खशुरीचा फाटा

वहीत चौकटी आखल्या मी. सवयच ती.
दिवसभर औषधांच्या दुकानाचा हिशेब, रात्री घरचा.
किलोमीटर. पेट्रोल. खाटा किती. डॉक्टर किती लांब.
सासऱ्यांच्या गुडघ्यांसाठी वेगळा रकाना,
तेकलेला गाडी लागते, त्यासाठी आणखी एक.
बेरीज दरवेळी तीच यायची: उरेकी.
काळी वाळू, घोट्याएवढा समुद्र,
स्वयंपाकघरासकट खोली, मालकीणही ओळखीची.

मालखाजचं बोट मात्र नकाशावर
भलतीकडेच जाऊन बसलेलं, पार दक्षिणेला,
जिथे छापणाऱ्यानेही फारसं काही छापलेलं नाही.
एक तळं. पारावानी.
"काय आहे तिथे?"
"माहीत नाही."
"मग?"
"असंच."

आता 'असंच'ला रकाना कुठून आणू?
बारा वर्षांत या माणसाच्या 'असंच'ने
एक गळकी होडी घेतली, मधमाश्यांची एक पेटी,
आणि, खरं सांगायचं तर, मलाही.

उरेकीचं बुकिंग केलं. निम्मे पैसे भरले.
तो "हूं" म्हणाला.
हूं म्हणणाऱ्याशी भांडता येत नाही.

सुरामीला रस्त्याच्या कडेला बायका
गोड रोट्या हलवत उभ्या असतात,
येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करतात,
जणू सगळेच त्यांचे भाचे.
आम्ही दोन घेतल्या. दालचिनीचा वास, चिकट बोटं.
मागे सासरे घोरत होते, तेकले त्यांच्या मांडीवर.
आणि पुढे खशुरीचा फाटा:
सरळ समुद्र, डावीकडे डोंगर.
गाडी मी चालवत होते.

मी काही ठरवलं नाही.
हातांनी इंडिकेटर दिला, स्टिअरिंग वळवलं,
आणि मी हातांकडे बघत राहिले
दुसऱ्या कोणाचे असावेत तशी.

"नेस्तान!" मालखाज ताठ बसला. "बुकिंग?"
"बुडालं."
"बाबांचे गुडघे?"
"दुखतील."
"अगं, इकडून केवढा वळसा! घरून त्सालकावरून जवळ होतं!"
"मग तेव्हा तोंड उघडायचं होतंस."
पुढचे वीस किलोमीटर तो माझ्या वहीसारखा बोलत होता
आणि मला हसू आवरेना.

तळं म्हणजे वारा, दुसरं काही नाही.
शिशाच्या रंगाचं पाणी, झाड औषधालाही नाही,
घराच्या भिंतीशी रचलेल्या गोवऱ्या.
त्यांच्याच शेकावर आर्पेनिकची खोली रात्रभर ऊबदार राहिली.
तिचं आर्मेनियन आम्हाला येत नव्हतं, तिला आमचं जेमतेम,
सासऱ्यांचं जुनं रशियन सगळ्यांना पुरलं.
दोन दिवस ते कुरकुरले,
तिसऱ्या दिवशी एका कोळ्याच्या होडीत जाऊन बसले.
कोणी बोलावलं नव्हतं.

मालखाज काठावर उभा होता, कान लाल.
"सापडलं?" मी विचारलं.
"काय?"
"ते, असंच."
"अजून नाही," तो म्हणाला, आणि तिथेच उभा राहिला.

एक गोष्ट त्याला सांगितलेली नाही.
पहिल्या संध्याकाळी तेकले कुडकुडायला लागली,
म्हणून मी डिकी उघडली, तर तळाशी
चार लोकरी स्वेटर.
ऑगस्टात. समुद्राला निघालेल्या गाडीत.
घड्या माझ्याच हातच्या.
वही काढून पाहिली:
पोहायचे कपडे आहेत, टोप्या आहेत, उन्हाचं मलम आहे.
स्वेटर कुठेच नाहीत.
दोनदा तपासली.